चढावरचं बाकडं

अंगाभोवती टेप आवळलेला माणूस वाद घालत नाही. चढावरच्या टेलरमास्तरांनी हे फार लवकर ओळखलं होतं. गिऱ्हाईक हात पसरून उभं राहिलं आणि छातीभोवती टेप आवळली, की मास्तर विचारायचे, "मला एक सांगा, बसमधून उतरणाऱ्याला आधी उतरू दिलं तर आपलं काय जातं?"

गिऱ्हाईक श्वास रोखून म्हणायचं, "काही नाही."

"बघा! एवढंसं काम. पण देश कुठल्या कुठे जाईल."

टेप कमरेवर उतरली की मास्तर विनाकारण वाजणाऱ्या हॉर्नवर यायचे. मांडीपर्यंत पोचेस्तोवर रस्त्यात थुंकणाऱ्यांचा समाचार घेऊन झालेला असायचा. शेवटी घोट्यापाशी उकिडवे बसून, तोंडात खडू धरून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या टीव्हीच्या आवाजाबद्दल काहीतरी जळजळीत बोलायचे, पण खडूमुळे ते कुणालाच कळायचं नाही. गिऱ्हाईक वरून "हो हो" करायचं आणि पँट सैल होणार की घट्ट या काळजीत घरी जायचं.

सगळा चढ त्यांना सूचनामास्तर म्हणायचा. अर्थातच पाठीमागे. मास्तरांना ते माहीत होतं, आणि ती चेष्टा नसून पदवी आहे असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. मास्तरांच्या सूचना चांगल्या असायच्या. "मोठ्या गोष्टी मोठी माणसं बघतील, आपण बारीक बघू," असं ते म्हणायचे, आणि खरोखरच बारीक बघायचे. दुकान बंद असेल तर दारावर तसं लिहा, माणसाला अर्धा तास कडी वाजवायला लावू नका. जिन्यात कुणी भेटलं तर निदान मान हलवा. फोनवर बोलताना आपल्या मेव्हण्याचं ऑपरेशन सगळ्या बसला ऐकवू नका. आणि दिलेली वेळ पाळा! ही शेवटची सूचना ते नेमकी अशा गिऱ्हाइकाला करायचे, की ज्याच्या कोटाला ते तिसऱ्यांदा "परवा नक्की" म्हणत असायचे. मग पडद्यामागून खोकला ऐकू यायचा. पडद्यामागे मास्तरांची बायको काजं-बटणं करत बसलेली असायची. मास्तरीणबाईंचा तो खोकला सगळ्या चढाच्या ओळखीचा होता आणि तो कुठल्याही औषधाने बरा होणारा नव्हता.

गिऱ्हाइकांवर भागेना तेव्हा मास्तर नगरपालिकेला सूचना करू लागले. कोपऱ्यावर कचऱ्याचा डबा ठेवा. शाळेसमोर रस्त्यावर पांढरे पट्टे मारा. फुटपाथची कड एका ठिकाणी उतरती करा, म्हणजे बाळाची गाडी चढेल. नगरपालिकेने यातलं काहीही केलं नाही. एकच सूचना तिने ताबडतोब मानली. शेजारच्या फळवाल्याच्या केळ्यांच्या पाट्या फुटपाथवरून उचलायला लावल्या. तेव्हापासून फळवाला मास्तरांना सगळ्यात डागाळलेली केळी द्यायचा आणि मास्तर, फुटपाथ मोकळा झाल्याच्या आनंदात, ती खायचे.

नगरपालिकेला काय आवडतं, हे मास्तरांच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

मास्तरांच्या दुकानासमोर, बरोबर चढाच्या मध्यावर, सिमेंटचं एक जुनं बाकडं होतं. संध्याकाळी त्यावर कॉलेजची पोरं बसायची. शेंगांची टरफलं, फोनवरची गाणी, टेकून ठेवलेल्या दोन मोटारसायकली, असा सगळा संसार असायचा. कटिंगच्या टेबलावर येणारा उजेड त्या पोरांच्या पाठींनी अडायचा. एकदा थंड पेयाची अर्धी बाटली गडगडत दुकानात आली आणि एका फिकट रंगाच्या सुटाच्या कापडावर आडवी झाली. मास्तर पेटले.

"बाकडं आहे म्हणून बसतात. बाकडंच नसलं तर बसतील कशावर?"

पडद्यामागून आवाज आला, "आणि दुसरं कुणी बसत असेल तर?"

"मी दिवसभर इथेच असतो. मला दिसत नाही का कोण बसतं ते?"

आता दिवसभर म्हणजे दुपार सोडून. दुपारी जेवण झालं की मास्तर शटर अर्ध्यावर ओढायचे, कटिंगच्या टेबलावरची कापडं बाजूला सारायचे आणि त्याच टेबलावर लांब व्हायचे. पण झोपलेल्या वेळेचा हिशेब कुणीच धरत नाही, मास्तरांनीही धरला नाही.

हेच वाक्य लिहून नगरपालिकेला सूचना गेली, आणि आठवड्याच्या आत ट्रक आला. कचऱ्याच्या डब्याला ज्यांना माणूस मिळत नव्हता, त्यांनी एका बाकड्यासाठी चार माणसं आणि एक यंत्र पाठवलं. मोडायचं काम निघालं की सरकारी खात्याच्या अंगात काय हुरूप येतो! मास्तर हात मागे बांधून उभे राहिले, कामगारांना चहा पाजला, आणि गावातल्या साप्ताहिकाचा वार्ताहर आला तेव्हा रिकाम्या जागेकडे बोट दाखवून फोटोही काढून घेतला. खाली छापलं होतं, 'जागरूक नागरिक'. ते कात्रण चौकटीत बसून दुकानातल्या आरशाच्या वर गेलं.

पोरं मात्र कुठेही गेली नाहीत. ती चार पावलं सरकून मास्तरांच्याच दुकानाच्या पायरीवर बसू लागली.

पुढे काही महिन्यांनी, एका सकाळी, चढाखालच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई भिंतीला धरत धरत दुकानात आल्या. आल्या त्या स्टुलावर बसल्या, आणि हाताने 'थांबा' अशी खूण करून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. मास्तरांनी पाणी दिलं. मग त्यांनी पिशवीतून तीन पँटी काढल्या.

"कमरेत आत घ्यायच्यात."

मास्तरांनी पँट उलटी केली आणि त्यांचा चेहरा खुलला. शिंप्याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, शिलाई राहते. "ही तर माझीच! टाइमकीपरकाकांची ना? बसडेपोतले?" काका म्हणजे हसले की टेप घसरायची असं पोट. पुढे वाढेल म्हणून मास्तरांनी मागच्या शिवणीत भरपूर माया सोडली होती. "किती घेऊ आत, मावशी?"

मावशींनी पँटीची कंबर दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि ओढत ओढत एवढी जवळ आणली, की मास्तर हसलेच.

"वा वा! काका डाएटवर? या वयात कुणावर छाप पाडायचीय?"

मावशीही थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, "जेवत नाहीत हो."

काकांना अर्धांगाचा झटका आला होता. चढाच्या वरच्या टोकाला जे शुश्रूषागृह आहे, तिथे ते पडून होते. "तिथल्या बाया चांगल्या आहेत, पण ह्यांना परक्या माणसाच्या हातून खायची लाज वाटते. तोंड घट्ट मिटून घेतात. माझ्या हातून मात्र खायचे. मी रोज दुपारी डबा घेऊन जायची."

"मग आता?"

"आता कशी जाऊ? माझे गुडघे इथवरच साथ देतात. इथे तुमच्यासमोर बाकडं होतं ना, त्यावर टेकायची. श्वास आला की पुढचा चढ. तेच काढून टाकलं. एवढ्याशा अंतराला रिक्षावाला येत नाही. रविवारी मुलगा गाडीतून नेतो, तेवढा एक दिवस पोटभर जेवतात."

मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. "पण मावशी, मी तुम्हाला कधी... म्हणजे बसलेलं..."

"तुम्ही कुठे बघणार! तुमचं शटर अर्धं खाली असायचं. टेबलावर तुमचे पाय दिसायचे, नुसते दोन पाय. मी मनात म्हणायची, झोपू दे बिचाऱ्याला, दिवसभर मशीन चालवतो."

मास्तरांना आपले पाय कुठे ठेवावेत कळेना.

"मास्तर," मावशी पुढे झुकून म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या सूचना करता, तुमचं तिकडे ऐकतात म्हणे. कुण्या मेल्याने ते बाकडं काढायला लावलं, तेवढं शोधून काढा की."

मावशींच्या डोक्याच्या बरोबर वर, आरशावर, तो मेला बोट दाखवून उभा होता. मास्तर दोन पावलं सरकून चौकट झाकली जाईल असे उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे कान लावला. खोकला येईल अशी त्यांना खात्री होती. आज खोकला आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडद्यामागे सुईचासुद्धा आवाज नव्हता.

"बघतो," मास्तर म्हणाले.

मावशी गेल्या. उतारावरून जाताना त्या भिंतीवर तळवा ठेवायच्या, एक पाऊल टाकायच्या, पुन्हा तळवा ठेवायच्या. मास्तरांनी आयुष्यात हजारो पायांची मापं घेतली होती, पण पाय चालताना कसे दिसतात ते बहुधा आजच पाहिलं.

पडदा बाजूला झाला. "बघतो म्हणालात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कुठे बघणार? आरशात बघा, समोरच आहे."

मास्तरांनी चौकट खिळ्यावरून उतरवली आणि चिंध्यांच्या पोत्यात घातली. मग पँटी घेतल्या. मागची शिवण उसवली, चिमूट धरली, टाचणी लावली. आणखी आत. पुन्हा टाचणी. कंबर एवढी आत घ्यावी लागली की मागचे दोन खिसे सरकत सरकत एकमेकांना जाऊन भिडले. एखाद्या शिकाऊ शिंप्याने असं काम केलं असतं तर मास्तरांनी त्याला हाकलून दिलं असतं. पण माप तेच होतं. ते भिडलेले खिसे मांडीवर घेऊन मास्तर बसून राहिले. एक गिऱ्हाईक मापाला आलं, हात पसरून उभं राहिलं, आणि मास्तरांनी एकही सूचना न करता माप घेतलं. गिऱ्हाईक घाबरलं. "तब्येत बरी आहे ना मास्तर?"

दुसऱ्या दिवशी मास्तर नगरपालिकेत गेले. कारकून खुर्चीतून उठलाच. "या या! बाकडंवाले साहेब!"

"ते बाकडं परत बसवायचं होतं," मास्तर हळूच म्हणाले.

कारकून मनापासून हसला. मास्तर विनोदही करतात हे त्याला नवीन होतं. "अहो साहेब, तुमच्या सूचनेचं आम्ही धोरण केलं! बसस्टँडवरची काढली, इस्पितळासमोरची काढली, बागेतली काढणं चालू आहे. वरून शाबासकी आली आम्हाला."

"मग लोक बसतात कुठे?"

"बसतच नाहीत! तीच तर गंमत. तुमचंच वाक्य आहे, आम्ही सगळ्या बैठकांत वापरतो. बाकडंच नसलं तर बसतील कशावर? वा! साधी माणसं काय बोलून जातात!"

परतताना मास्तर मुद्दाम इस्पितळावरून गेले. गेटसमोर सिमेंटचे चार खुंट उरले होते. फुटपाथच्या कडेला, आपल्याच चपला खाली घेऊन, माणसं ओळीने बसली होती. एक पोटुशी बाई भिंतीला पाठ लावून उभी होती आणि पायांवरचा भार आलटून पालटून बदलत होती. तिथे मास्तरांना कुणीही ओळखत नव्हतं, तरी ते तोंड लपवल्यासारखे भराभर चालले. एका माणसाने सरकून त्यांना वाट दिली, आणि तोच वर "सॉरी" म्हणाला. हे असलं सौजन्य देशात यावं म्हणून मास्तर वर्षानुवर्षं घसा कोरडा करत होते. आज ते मिळालं तेव्हा जमीन दुभंगली तर बरं, असं त्यांना झालं.

त्या दुपारी मास्तर झोपले नाहीत. शटर पूर्ण वर ठेवलं, गिऱ्हाइकांची हात असलेली एकुलती एक खुर्ची उचलली आणि बाकड्याच्या जागी फुटपाथवर नेऊन ठेवली. फळवाला याच क्षणाची वर्षभर वाट बघत असावा.

"मास्तर, फुटपाथ पादचाऱ्यांचा ना?"

"पादचाऱ्यासाठीच ठेवलीय."

"मग माझी केळी काय हत्तींसाठी होती?"

एरवी मास्तरांनी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. आज ते म्हणाले, "चुकलं माझं." फळवाल्याचा चेहरा पडला. भांडायला आलेल्या माणसाची एवढी निराशा करू नये.

खुर्ची त्या दुपारी रिकामी राहिली. दुसऱ्या दुपारीही राहिली. मास्तर दारात उभे राहून चढाखाली बघत होते.

"वाट बघताय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"येतील ना. खुर्ची ठेवलीय."

"त्यांना कसं कळणार? खुर्चीला चार पाय आहेत, पण ती काही निरोप घेऊन जाणार नाही. तुम्हाला दोनच आहेत. जा."

"सांगू काय?"

"ते मी शिकवू? सूचना मी करू?"

मास्तर पँटी घेऊन चढ उतरले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवून पाहिली. 'काही नागरिकांच्या आग्रहावरून.' 'प्रशासनाने जरा घाईच केली.' 'हेतू चांगला होता.' प्रत्येक वाक्य मापाला बरोबर बसत होतं आणि अंगावर घातलं की वाईट दिसत होतं. मावशींनी दार उघडलं तेव्हा यातलं एकही तोंडी आलं नाही.

"मावशी, बाकडं मीच काढायला लावलं."

मावशींनी पँट हातात घेतली होती. त्यांनी ती उलटी केली, ते भिडलेले खिसे पाहिले, त्यावरून अंगठा फिरवला.

"का?"

"संध्याकाळी पोरं बसायची. कचरा करायची."

"मग पोरांना सांगायचं."

खरी गोष्ट अशी होती की त्यांनी पोरांना कधीच काही सांगितलं नव्हतं. गावातल्या प्रत्येक छातीभोवती टेप आवळून त्यांनी देश सुधारला होता, पण ती पोरं तयार कपडे घालणारी. ती कधी टेपच्या आत आलीच नाहीत. उलट उत्तर देतील अशी मास्तरांना भीती वाटायची. त्यापेक्षा बाकडं बरं, ते उलट बोलत नव्हतं.

"परवा मला 'बघतो' म्हणालात," मावशी म्हणाल्या. "मी घरी येऊन मुलाला फोन केला. म्हटलं, मास्तरांनी मनावर घेतलंय, आता काळजी नाही."

मास्तरांनी उंबरठ्याकडे बघत मान हलवली.

"त्या बाकड्याने तुमचं काय वाईट केलं होतं हो? मी काय केलं होतं?" मावशींचा आवाज चढला, मग एकदम बसला. त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. मास्तर दारातच उभे. जावं की थांबावं ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि आज स्वतःहून काही ठरवायची त्यांची छाती नव्हती. थोड्या वेळाने मावशी बाहेर आल्या, त्या डबा घेऊन.

"माफबिफ मी आत्ता करणार नाही. मला वेळ नाही, ह्यांची जेवायची वेळ झालीय. धरा हे. आणि दंड द्या इकडे."

चढावर सगळ्यांनी ते पाहिलं. मास्तरांच्या एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या दंडाला मावशी. खुर्चीपाशी आल्यावर मावशी टेकल्या, श्वास घेतला, आणि फळवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाकडं ह्यांनीच काढलं बरं का."

"माहितीय मावशी," फळवाला म्हणाला. "पेपरात फोटो होता."

कॉलेजला सुट्टी असावी, कारण पायरीवर दुपारचीच पोरं बसली होती. त्यांतल्या दोघांच्या मोटारसायकली वरच्या वाटेत आडव्या होत्या. मास्तर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. घसा खाकरला.

"जरा गाड्या बाजूला घेता का? ह्यांना जायचंय."

"हो काका, सॉरी," पोरं म्हणाली आणि गाड्या बाजूला घेतल्या. एकाने न सांगता टरफलंही कागदात गोळा केली. एवढंच होतं. एवढं बोलायला मास्तरांना एक बाकडं खर्ची घालावं लागलं होतं.

शुश्रूषागृहात खिडकीजवळच्या पलंगावर काका होते. मास्तरांनी आधी दुसऱ्याच पलंगाकडे पाहून नमस्कार केला. ते पोट, तो घेर, सगळं शोधूनही सापडेना. मग मावशी ज्याच्या उशाशी गेल्या तो चेहरा त्यांनी पाहिला. तोंड एका बाजूला उतरलेलं, पण डोळे बसच्या वेळा तपासणाऱ्याचे, तसेच चोख.

"हे बघा कोण आलंय," मावशी डब्याचं झाकण काढत म्हणाल्या. "आपले टेलरमास्तर. मी रोज का येत नव्हते, विचारत होता ना खुणेने? ह्यांनी बाकडं काढायला लावलं म्हणून."

काकांनी मास्तरांकडे बराच वेळ पाहिलं. रागावणार असतील तर रागावू देत, म्हणून मास्तर ताठ उभे राहिले. काकांचा चांगला हात हलला. त्यांनी पांघरूण हळूहळू ओढून बाजूला केलं, अंग कसंबसं भिंतीकडे सरकवलं, आणि पलंगाच्या मोकळ्या झालेल्या कडेवर तळव्याने थाप मारली.

मास्तर जागचे हलले नाहीत.

"बसा," मावशी म्हणाल्या.

"नको. मी उभाच बरा."

"तुम्ही बरे असाल. हे नाहीत. माणूस उभा ठेवून हे कधी जेवले नाहीत, आजही घास घेणार नाहीत. बसा म्हणते ना!"

काकांचं तोंड खरोखरच मिटलेलं होतं. मावशींच्या हातातला घास ओठांपाशी थांबला होता आणि काकांची नजर मास्तरांवर होती. मास्तर बसले. अगदी कडेला, अर्धे पलंगावर आणि अर्धे पायांवर, शिक्षा झालेल्या मुलासारखे. घास आत गेला. काका चावत राहिले, एका बाजूने, सावकाश. मास्तरांना वर बघवेना, म्हणून ते आपल्या हातांकडे बघत राहिले. बोटांवर खडूची पांढरी पूड होती.

चादरीवर पुन्हा थाप पडली. काकांना ते अर्धवट बसणं पसंत नव्हतं.

"नीट बसा म्हणताहेत," मावशी म्हणाल्या, आणि दुसरा घास हातात धरून थांबल्या.